कार्ब्युरेटर बदलू नका, उघडा

मंडळी, या शनिवारी संगणकाबद्दल एक अक्षर नाही. (बरं, एखादं असेल. सवय जात नाही.) आजचा लेख पेट्रोलच्या वासाचा आणि बराचसा रागाचा आहे. छोट्या इंजिनांशी ज्यांना काही देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढच्या शनिवारी यावं.

राग आहे तो एका वाक्यावर: "कार्बोरेटर गेलाय साहेब, नवीन टाका." चितेगावात, बिडकीनला, पैठणला, संभाजीनगरच्या शेती अवजारांच्या दुकानांत, जिथे जावं तिथे हेच वाक्य. फवारणीचा एचटीपी पंप असो, पॉवर वीडर असो, नाहीतर लोडशेडिंगच्या काळात घेतलेला नि आता शेडमध्ये धूळ खात पडलेला जनरेटर असो. इंजिन सुरू झालं नाही की दुकानदार दोनदा दोरी ओढतो, नाक वाकडं करतो आणि निकाल देतो. उघडून बघत नाही. बघायची गरजही त्याला वाटत नाही.

आमच्या धंद्यात अशा माणसाला एक नाव होतं. कुठलाही बिघाड सांगा, याचं उत्तर एकच: "फॉरमॅट मारा." प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट मारा. फॉन्ट दिसत नाहीत? फॉरमॅट मारा. त्याला आम्ही 'फॉरमॅटवाला' म्हणायचो आणि मागे हसायचो. पण शेतकऱ्याला हसायची सोय नसते, कारण आभाळ भरून आलेलं असतं, मोसंबीवर कोळी वाढत असतो आणि खिशातून चौदाशे रुपये जात असतात.

आता गावाबद्दल थोडं. चितेगाव पैठण रस्त्यावर, बाहेरच्या लोकांना माहीत आहे ते व्हिडिओकॉनमुळे. एका पिढीने इथे टीव्ही जोडले. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तो विषय वेगळा आणि लांबचा. सांगायचा मुद्दा हा की आमचा भाग यंत्राला घाबरणारा कधीच नव्हता. तिकडे वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्यानंतर आमच्या लहानपणी दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत ज्याच्याकडे एम-८० किंवा स्कूटर होती, त्या प्रत्येकाला प्लग काढून पोलिश पेपर मारायला आणि जेट फुंकायला येत होतं. स्कूटर आडवी करून उभी करायची, हे तर बायाबापड्यांनाही ठाऊक होतं. त्याच जिल्ह्यात आज कोणी कार्ब्युरेटरचा एक बोल्ट उघडायला तयार नाही, याचं मला नवल वाटतं. खरं सांगायचं तर चीड येते.

आता तुम्हाला वाटेल हा चितेगावचाच प्रश्न. तर ऐका. माझा धाकटा चुलतभाऊ मिनेसोटात असतो. तिथे घरासमोरचा बर्फ काढायला 'स्नो ब्लोअर' नावाचं यंत्र असतं. पुढे लोखंडी स्क्रू फिरतो, तो बर्फ आत ओढतो आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. चार महिने काम, आठ महिने गॅरेजमध्ये झोप. गेल्या थंडीत त्याचा फोन आला, "दादा, चोक दिला की चालतं, चोक काढला की मरतं. इथला माणूस म्हणतो नवीन कार्ब्युरेटर लागेल." मी म्हटलं, अरे, हे तर अण्णांच्या फवारणी पंपाचं दुखणं! शब्दाला शब्द तेच. अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. त्यांचा पंप दिवाळीनंतर झोपतो, याचा ब्लोअर मार्चनंतर. एकाच्या डोक्यावर बर्फ, दुसऱ्याच्या डोक्यावर ऊन, पण इंजिनाची जात एक: एक सिलिंडर, दोरी ओढून सुरू होणारं, आणि बाजूला अंडाएवढी वाटी लटकलेला कार्ब्युरेटर.

ती वाटीच सगळ्याचं मूळ आहे, म्हणून तिच्याजवळ जरा थांबू.

टाकीतून पेट्रोल येतं ते या वाटीत. वाटीत फ्लोट तरंगतो. पातळी वर आली की तो एक छोटी सुई वर ढकलतो आणि पेट्रोल बंद होतं. संडासच्या टाकीतला गोळा असतो तसं, त्यापेक्षा जास्त विज्ञान त्यात नाही. वर हवेचा रस्ता एका जागी अरुंद केलेला असतो. तिथे हवा जोरात जाते, दाब कमी होतो, आणि वाटीतलं पेट्रोल मेन जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. हे भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. मंद चालण्यासाठीचा पायलट जेट त्याहून बारीक. आता हंगाम संपला, पंप शेडमध्ये गेला. वाटीत राहिलेलं चमचाभर पेट्रोल हळूहळू उडतं. हलका भाग आधी जातो, जड भाग मागे राहतो आणि त्याचा चिकट, पिवळसर, वॉर्निशसारखा थर बसतो. टाकीत दोन लिटर असतं, त्याला वेळ लागतो. वाटीत थेंबभर, तिथे काम लवकर उरकतं. थर जेटच्या भोकात बसला की भोक अर्धं होतं.

म्हणून तर चोक दिला की इंजिन चालतं! चोकने हवा अडते, ओढ वाढते, अर्ध्या भोकातूनही पुरेसं पेट्रोल येतं. चोक काढला की हवा मोकळी, पेट्रोल अपुरं, इंजिन बंद. किंवा बंद पडत नाही, घुंऽग-घुंऽग करत वर-खाली होत राहतं. दोरी ओढणाऱ्या माणसाला हे लक्षण समजत असेल तर निदान तिथेच झालेलं असतं: जेट चोंदलाय. समजत नसेल तर "नवीन टाका."

आणि उपाय? तो इतका साधा आहे की लिहायला लाज वाटते. पेट्रोलचा कॉक बंद करा. वाटीखालचा बोल्ट बहुतेक यंत्रांना दहाच्या पान्याने सुटतो. वाटी खाली घ्या, खाली फडकं धरा, जवळ विडी-काडी नको. वाटीच्या तळाशी पिवळा थर, पांढरी भुकटी किंवा गंजाचं पाणी दिसेल. मधल्या खांबात मेन जेट असतो. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्या. लहान ड्रायव्हरने पितळ सोलवटलं तर मग खरंच नवीन घ्यावं लागेल. जेट उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर साध्या वायरमधली तांब्याची एक तार काढा आणि तिने साफ करा. सुई नाही, दाभण नाही, ड्रिलचं टोक तर मुळीच नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल प्यायला लागतं. जेटच्या वर एक बारीक भोकांची नळी असते, ती खाली पडते. तीही साफ करा, लोक तिला विसरतात. मग कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा (डोळ्यांना चष्मा लावूनच), आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन प्रत्येक भोकातून हवा. सुईचं टोक बघा, त्यावर रिंगण उमटलं असेल तर सुई बदला. गॅस्केट फाटली नसेल तर तीच परत चालते. जोडा, कॉक उघडा, दोन मिनिटं थांबा, कुठे गळत नाही ना बघा, दोरी ओढा.

पहिल्यांदा करणाऱ्याला तासभर, दुसऱ्यांदा पाऊण तास, पाचव्यांदा चहा होईपर्यंत. क्लीनरचा डबा वर्षभर पुरतो. चुलतभावाने हे सगळं व्हिडिओ कॉलवर केलं, उणे पंधरा तापमानात गॅरेजमध्ये बसून. त्याने आयुष्यात फक्त कीबोर्ड हाताळलेला आहे! त्याला जमतं, तर चितेगावात कोणाला जमणार नाही?

इथे दुकानदाराची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. मी एकाला विचारलं होतं (नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही). तो म्हणाला, "भाऊ, साफ करायचे दीडशे मागितले की गिऱ्हाईक घासाघीस करतं. म्हणतं, नुसती हवा तर मारली. नवीन कार्बोरेटर बसवला की बाराशे देतं आन् वर चहा पाजतं." खरं आहे. वस्तूचे पैसे द्यायला आपला हात सैल असतो, अकलेचे द्यायला आखडतो. (आयटीतल्या मंडळींनी फार माना डोलावू नयेत. भाऊजींच्या लॅपटॉपमधला व्हायरस फुकट काढून देणारे आपणच.) पण यावर उपाय म्हणून साफसफाईचे तीनशे मागा! मोकळेपणाने मागा. दीडशेच्या कामाला चौदाशेचं बिल हा त्याचा उपाय कसा होतो?

शिवाय त्या नव्या कार्ब्युरेटरने दुखणं जातच नाही. दिवाळीला पंप परत शेडमध्ये, वाटीत परत पेट्रोल, जूनमध्ये परत तेच. बाजारातले स्वस्त कार्ब्युरेटर दिसायला हुबेहूब असतात, पण आतल्या जेटचं माप तेच असेल याची खात्री कोण देतं? मूळ पार्ट धुवून चालला असता, तो भंगारात गेला आणि त्याच्या जागी आला कोण जाणे कुठला. कार्ब्युरेटर बदलायची वेळ कधीच येत नाही असं नाही. थ्रॉटलचा दांडा सैल होऊन तिथून हवा ओढायला लागला, आतला धातू गंजून खड्डे पडले, आटे गेले, तर बदलावाच. पण हे कळायला आधी उघडावा लागतो, माझं भांडण तेवढंच आहे.

हे कसब गेलं कुठे, याचंही एक कारण आहे आणि त्यात कोणाची लबाडी नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकली जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. धुरासाठी ते चांगलंच झालं. पण गावातला मेकॅनिक शिकायचा तो मोटारसायकलीवर. वीस-बावीस वर्षांचा पोरगा आज गॅरेजात लागतो तेव्हा त्याच्या हाती स्कॅनर येतो, जेट क्वचितच. कार्ब्युरेटर उरला तो फवारणी पंपात, वीडरमध्ये, ग्रास कटरमध्ये. म्हणजे यंत्र शेतकऱ्याकडे राहिलं आणि त्याचा वैद्य निघून गेला. बरं, कंपन्यांनी ही पोकळी भरावी, तर माझ्या हाताखालून गेलेल्या तीन-चार पंपांच्या पुस्तिकांत इंजिनाखाली हात घालू नका, टोपी घाला, असं सगळं आहे; कार्ब्युरेटरबद्दल एक ओळ, 'विक्रेत्याशी संपर्क साधा'. तीही इंग्रजीत. विक्रेता काय सांगतो ते वर आलंच आहे. एक पानाची मराठी आकृती आणि गॅस्केट-सुईचं पन्नास-शंभरचं पाकीट यंत्रासोबत द्यायला काय होतं? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. कागदावर हक्क मिळाला, पण अण्णांना तो बिडकीनच्या काउंटरवर हवा आहे.

आता दुसरा राग. इथे काही वाचक माझ्यावर तुटून पडतील, पडू देत.

पेट्रोल बदललं आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई२० पेट्रोलची सुरुवात झाली, आणि वीस टक्के मिश्रणाचं मूळ २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं गेलं. मी इथेनॉलचा शत्रू नाही. आमच्या तालुक्यात जायकवाडीचं पाणी आहे, ऊस आहे, उसाचे पैसे लवकर मिळाले तर ते आमच्याच माणसांना मिळतात. परकीय चलन वाचतं. आणि जेट काही इथेनॉलमुळेच चोंदतात असंही नाही. शुद्ध पेट्रोलच्या जमान्यात स्कूटरचे जेट चोंदायचेच. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. जुन्या रबराला ते फुगवतं, काही धातूंना खातं. रोज धावणाऱ्या मोटारसायकलीत हे घडायला सवड मिळत नाही, टाकी आठवड्यात रिकामी होते. सात महिने शेडमध्ये, त्यातले काही पावसाळी हवेत, उभ्या असलेल्या पंपात सवडच सवड.

शिवाय गणित आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई२० ला साधारण साडेतेरा. मोटारीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो संगणकाला सांगतो, संगणक पेट्रोल वाढवतो. (आलं बघा एक अक्षर संगणकाचं.) जेटला संगणक नाही, ते पितळेत पाडलेलं एक भोक आहे. शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेल्या भोकातून ई२० जातं तेव्हा मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. आधीच थोडा थर बसलेला, त्यात हे. म्हणजे काल कसंबसं चालणारं इंजिन आज चोक मागतं.

गेली दोन वर्षं ई२० वर जी धुमश्चक्री चालली आहे ती कोणाबद्दल? मोटारींबद्दल. मायलेज किती घटलं, वॉरंटी राहते का, विमा मिळतो का. सर्वोच्च न्यायालयात इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका गेली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली, तिथेही चर्चा गाड्यांची. पाठीवर किंवा बांधावर पेट्रोल जाळणाऱ्या लाखभर यंत्रांचं नाव कोणाच्या तोंडी नाही. का? कारण त्यांना नंबरप्लेट नाही, सर्व्हिस सेंटर नाही, आणि त्यांच्या मालकांकडे इंग्रजीत ओरडायला वेळ नाही.

आणि आता पुन्हा मिनेसोटा. ते राज्य मक्याचं, इथेनॉलचं कट्टर पुरस्कर्तं. १९९० च्या दशकापासून तिथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं कायद्याने सक्तीचं आहे. पण त्याच कायद्यात पळवाट नव्हे, चांगला राजरस्ता ठेवला आहे: जुन्या संग्राह्य गाड्या, होड्या, स्नोमोबाइल, मोटारसायकली आणि छोटी इंजिनं यांच्यासाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल विकता येतं, आणि ते कशासाठी आहे हे पंपावर लिहावं लागतं. चुलतभाऊ जेट साफ केल्यापासून ब्लोअरसाठी डबा घेऊन त्याच पंपावर जातो. महाग आहे, पण हंगामाला लागतं किती? मका पिकवणाऱ्यांनी मक्याच्या दारूचा अभिमान सोडला नाही आणि बर्फ काढणाऱ्या म्हाताऱ्यांचं यंत्रही सांभाळलं. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये? प्रत्येक पंपावर नको. तालुक्याला एक नोझल पुरे, पैठणला असलं तरी अण्णा डबा घेऊन जातील. आणि प्रत्येक पंपावर, डोळ्यांच्या उंचीला, मराठीत, मोठ्या अक्षरांत: यात इथेनॉल इतके टक्के, बंद ठेवायच्या यंत्रात साठवू नका. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश, याहून खर्च नाही.

"तोवर काय करायचं?" असं विचारणाऱ्यांसाठी: शेवटची फवारणी झाली की टाकीतलं पेट्रोल मोटारसायकलीत ओता. (दोन-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर ओतू नका, ते वेगळं वापरून टाका.) कॉक बंद करून इंजिन चालू ठेवा, आपोआप मरेपर्यंत. मग वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढा. पाच मिनिटं लागतात. अण्णांनी हे गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी केलं. जूनमध्ये तिसऱ्या दोरीला पंप सुरू झाला, आणि शेजारच्या वस्तीवरून दोघंजण आपापले पंप घेऊन आले. त्यातल्या एकात नवा कोरा कार्ब्युरेटर होता, मागच्या वर्षी बसवलेला. वाटी उघडली तर तळाला तोच पिवळा थर.

पाठीवरच्या फवाऱ्याचा आणि ग्रास कटरचा कार्ब्युरेटर वेगळा असतो. त्यात वाटी नाही, रबराचा पडदा असतो, आणि तो फाटला तर तार-फवारा काही उपयोगाचा नाही. त्यावर पुढच्या शनिवारी. कोणाकडे फाटका पडदा पडलेला असेल तर टाकू नका, फोटो काढायला हवाय.